हाताने शिकायचे ऐच्छिक विषय: निवडण्याआधी आणि निवडल्यानंतर पडणारे प्रश्न

काच फुंकणं, धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई, मातीकाम, पुस्तकबांधणी, वाद्य तयार करणं, दोराने झाडावर चढणं, मधमाश्या पाळणं. जगभरातल्या विद्यापीठांच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत असे विषय सापडतात. यादी वाचताना पुष्कळ विद्यार्थी तिथे थबकतात, मनातून हरखतात, आणि मग ‘व्यवस्थापनाची मूलतत्त्वं’ किंवा तत्सम काहीतरी निवडून मोकळे होतात. हे प्रश्न त्या थबकलेल्यांचे आहेत. उत्तरं देताना मी बाजू घेतली आहे: पदवीच्या काळात असा एक तरी विषय प्रत्येकाने घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पण कुठलाही नव्हे. नीट पारखून घ्यावा.

प्रॅक्टिकल तर आमच्या मुख्य विषयांनाही असतं. मग यात वेगळं काय?

नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. लोलकाचा आवर्तकाल मोजायचा, त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं, ते पुस्तकातल्या आकड्याजवळ आलं की जर्नलवर सही. आकडा लांब गेला तर बरेच जण शेजाऱ्याची निरीक्षणं उतरवतात आणि त्यावरही सही मिळते. हाताने करायच्या विषयात शेजाऱ्याचं उतरवून भागत नाही. स्टूल डुगडुगतं की नाही हे त्यावर बसल्यावर कळतं, आणि ते तुमचंच स्टूल असतं.

ही शिकवण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपिउस यांनी १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमार इथे बाउहाउस हे कला आणि कारागिरीचं विद्यालय सुरू केलं, तेव्हा तिथल्या कार्यशाळांना दोन-दोन शिक्षक होते. एक चित्रकार किंवा शिल्पकार, जो आकाराचा विचार शिकवायचा. दुसरा त्या कामात मुरलेला कारागीर. त्याआधी सगळ्यांनी एक प्राथमिक अभ्यासक्रम करायचा. तो शिकवताना योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना साधे कागद द्यायचे. या कागदाच्या अंगात काय आहे ते शोधा, त्यातून काहीतरी उभं करा आणि काही वाया घालवू नका, एवढीच अपेक्षा. कागद दुमडला की ताठ होतो, हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका घडीच्या जोरावर पातळ कागद उभा राहिलेला पाहिला की पत्र्याचं छप्पर पन्हाळीदार का असतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. नाझी राजवटीच्या दबावाखाली १९३३ मध्ये बाउहाउस बंद झालं. आल्बर्स त्याच वर्षी अमेरिकेत नव्याने निघालेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेले. तिथे कलेचं काम आणि हातांची मेहनत हा सर्वांच्याच शिक्षणाचा गाभा मानला जाई. पुढे शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून कॉलेजच्या इमारतीचं बांधकामही केलं. ते कॉलेज १९५७ मध्ये बंद पडलं, पण तिथे शिकलेले लोक पुढे अनेक ठिकाणी शिकवत राहिले. आज यादीत ‘हटके’ वाटणाऱ्या कितीतरी विषयांची नाळ तिथपर्यंत जाते.

हे विषय सोपे असतात ना? सीजीपीए सावरायला घ्यावा म्हणतो.

त्यासाठी नका घेऊ. बसल्या जागी मार्क मिळतील असा विषय हवा असेल तर यादीत दुसरे सापडतील. इथे प्रत्येक आठवड्याला हजर राहावं लागतं, आणि आदल्या रात्री जागून काही साधत नाही.

शिवाय तुम्ही अर्ध्या मनाने अडवलेली जागा कुणाला तरी अगदी मनापासून हवी असते. भट्टीजवळ एका वेळी मोजकीच माणसं उभी राहू शकतात.

क्रेडिट दोनच, मग आठवड्याला इतके तास का जातात?

दोन कारणं आहेत. पहिलं हिशोबाचं. बहुतेक क्रेडिट पद्धतींत व्याख्यान आणि प्रात्यक्षिक वेगवेगळ्या मापाने मोजतात. यूजीसीच्या क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला आठवड्याला व्याख्यानाचा एक तास किंवा प्रात्यक्षिकाचे दोन तास धरतात. म्हणजे दोन क्रेडिटचा पूर्ण प्रात्यक्षिक विषय आठवड्याला चार तासांचा होतो. युरोपात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं सगळं मिळून २५ ते ३० तासांचं काम. त्यात वर्गही आला आणि वर्गाबाहेरची मेहनतही. वेळापत्रकात नुसता क्रेडिटचा आकडा पाहून विषय बसवला की पुढे ओढाताण ठरलेली. तास पाहा.

दुसरं कारण सामग्रीचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. माती तुमच्या सबमिशनच्या तारखेला जुमानत नाही. गोळा मळून त्यातली हवा काढायची, चाकावर भांडं उभं करायचं, ते अर्धवट सुकलं की तळ खरवडून घ्यायचा, मग पूर्ण सुकू द्यायचं, साधारण १,००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, मग झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, मग दुसरी भाजणी. दगडी मातीची भांडी असतील तर १,२०० अंशांच्याही वर. प्रत्येक वेळी भट्टी तापायला आणि त्याहून जास्त निवायला वेळ लागतो. घाईने दार उघडलं तर तडे जातात. एका वाटीचा हा प्रवास काही आठवड्यांचा आहे आणि त्यातला फार थोडा वेळ तुमचा हात मातीला लागलेला असतो.

काचेचंही तसंच. फुंकून झालेली वस्तू थेट बाहेर ठेवली तर तिचा बाहेरचा थर आधी थंड होतो, आतला मागे राहतो, आणि त्या ताणाने ती तडकते, कधी काही तासांनी, कधी दिवसांनी. म्हणून ती साधारण ५०० अंशांच्या दुसऱ्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात. तुमची वस्तू तुम्हाला दुसऱ्या दिवशीच पाहायला मिळते.

वाट पाहण्याचा हा वेळ मोकळा समजून त्यात दुसऱ्या विषयाचं सबमिशन कोंबू नका, एवढं मात्र सांगेन. त्याच वेळात वहीत काय झालं ते लिहून होतं, पुढच्या नगाचा आराखडा होतो, दुसऱ्यांची कामं पाहून होतात. शिकण्याचा मोठा भाग तिथे आहे.

चांगला विषय ओळखायचा कसा? नावं तर सगळीच आकर्षक असतात.

मी एकच प्रश्न सगळ्यात आधी विचारतो: तीच वस्तू दुसऱ्यांदा करायला या वेळापत्रकात जागा आहे का?

पहिल्या खेपेला आपण सूचना पाळत असतो. करवत कशी धरायची, खूण कुठे करायची, यातच जीव गुंतलेला असतो. सांधा सैल बसतो, आणि का सैल बसला ते पुरतं कळलेलं नसतं. दुसऱ्या खेपेला तोच सांधा कापताना कळतं की करवतीच्या पात्यालाही जाडी असते, आणि रेषेच्या कुठल्या बाजूने कापायचं हे आधी ठरवावं लागतं. पहिल्या नगात हे कुणी सांगितलेलं असतं, तुम्ही मान डोलावलेली असते, पण ते उतरलेलं नसतं. ज्या कोर्समध्ये आठवड्याला एक नवी वस्तू, दहा आठवड्यांत दहा वस्तू, अशी मांडणी असते, तिथून तुम्ही पिशवीभर वस्तू घेऊन बाहेर पडता. फोटो छान येतात. हात मात्र होता तिथेच राहतो. उलट जिथे पूर्ण सत्रात फक्त तीन कामं आहेत, आणि त्यातलं एक पुन्हा करायचं आहे, तो कोर्स डोळे झाकून घ्यावा असं मी सांगतो.

त्यानंतर बॅच केवढी आणि यंत्रं किती हे पाहा. तीस विद्यार्थी आणि दोन चाकं असतील तर तुम्ही बहुतेक वेळ बघे असाल. कार्यशाळा वर्गाच्या वेळेबाहेर उघडी असते का, आणि तेव्हा देखरेखीला कोण असतं, हे विचारा. शिकवणाऱ्या व्यक्तीचं स्वतःचं काम पाहायला मिळालं तर जरूर पाहा. आणि मागच्या सत्रातल्या दोन विद्यार्थ्यांना गाठून ‘कसा आहे विषय?’ असं न विचारता ‘तुमचं काय बिघडलं आणि मग काय केलंत?’ असं विचारा. ज्यांना यावर सांगण्यासारखं पुष्कळ असतं, त्यांनी चांगला कोर्स केलेला असतो.

माझ्या मुख्य विषयाशी याचा काय संबंध?

संबंध असायलाच हवा असं नाही. पण तो बहुतेक वेळा निघतो, आणि जिथे अपेक्षा नसते तिथे निघतो.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने खिळ्यांच्या छपाईचा विषय घेतला असं समजा. प्रत्येक अक्षर म्हणजे धातूचा एक तुकडा. तो उलटा, आरशातल्यासारखा वाचायचा. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा धातूचाच तुकडा असते. ती हाताने निवडून बसवावी लागते, नाहीतर ओळ घट्ट बसत नाही आणि छापताना खिळे निसटतात. देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागत, आणि जुळाऱ्याला ते सगळे कुठल्या घरात आहेत हे पाठ असायचं. हे एकदा हाताने केलं की पडद्यावर जोडाक्षर तुटलेलं दिसतं तेव्हा आत काय अडलं असेल याचा अंदाज बांधता येतो. ज्याने रिकामी जागा हाताने बसवली आहे त्याला रिकामी जागा दिसायला लागते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने एकसारखे सहा पेले करून पाहावेत. पहिल्याला लागलेला वेळ आणि सहाव्याला लागलेला वेळ, बाद झालेले नग, भट्टीत रिकामी राहिलेली जागा: उत्पादन खर्चाचं अख्खं प्रकरण तिच्यापुढे मांडलेलं असेल. आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने एखादं पुस्तक बांधावं. कागदालाही तंतूंची दिशा असते. ती पाठीला समांतर नसेल तर पुस्तक नीट उघडून राहत नाही, हे कुठल्याही समीक्षेत वाचायला मिळत नाही.

मला चित्र काढता येत नाही, हातही वळत नाही. तरी घ्यावा का?

घ्यावा. पूर्वअट नसलेला पायाभूत कोर्स असेल तर तो तुमच्यासाठीच आहे.

सुरुवातीला ज्यांचा हात सहज वळतो ते पुढे असतात, हे खरं. सत्राच्या मध्यावर चित्र बदलतं, कारण तोवर नीट मोजणारे, हत्यार जागेवर ठेवणारे, धार गेली की थांबून धार लावणारे पुढे येतात. या सवयी आहेत, आणि त्या लागतात. बोथट पटाशीला धारदार पटाशीपेक्षा जास्त जोर लागतो आणि म्हणून ती जास्त सटकते. कौशल्य कमी आहे असं वाटणाऱ्या अर्ध्या लोकांचं हत्यारच बोथट असतं.

जागाच मिळत नाही. वेटिंग लिस्टवर आहे.

हे दुखणं सगळीकडचं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये ‘हाऊ टू मेक (ऑलमोस्ट) एनिथिंग’ नावाचा विषय सुरू केला. मोजक्या संशोधक विद्यार्थ्यांना मोठी यंत्रं चालवता यावीत एवढाच हेतू होता. वर्गात शंभरेक जण येऊन उभे राहिले, त्यात कलाकार आणि वास्तुशास्त्राचे विद्यार्थीही होते. त्याच विषयाच्या अनुभवातून पुढे जगभरच्या फॅब लॅब, म्हणजे यंत्रांनी सज्ज खुल्या कार्यशाळा, निघाल्या. त्याच विद्यापीठाच्या काचेच्या कार्यशाळेत प्रवेशासाठी सोडत काढतात.

तुम्ही करायचं ते असं: पहिल्या वर्गाला जाऊन बसा, यादीत नाव नसलं तरी. पहिल्या दोन आठवड्यांत गळती होते, आणि समोर दिसणाऱ्या माणसाला जागा देणं शिक्षकांना सोपं जातं. मेल लिहाल तर ‘मला खूप आवड आहे’ एवढ्यावर थांबू नका. काय करून पाहायचं आहे ते दोन ओळींत लिहा. या सत्रात नाहीच जमलं तर कार्यशाळेतल्या सहायकांना विचारा, मदतीला माणूस हवा असतो का. माती कालवणं, भट्टी भरणं, खिळे घरांत परत लावणं या कामांत पुष्कळ शिकायला मिळतं, आणि पुढच्या सत्रात तुमचा चेहरा ओळखीचा असतो.

निम्मं सत्र संपलं. खरं सांगायचं तर काहीच शिकत नाहीये असं वाटतं.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण याच टप्प्यावर मुलं विषय सोडतात.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना उत्तम, ओघवतं व्याख्यान दिलं. काहींना तोच भाग स्वतः गणितं सोडवत, गटात झगडत शिकायला लावला. नंतर चाचणी घेतली तेव्हा झगडलेले विद्यार्थी पुढे होते. पण ‘किती शिकलात असं वाटतं?’ या प्रश्नावर त्यांनीच कमी गुण दिले. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. करताना आपल्याला काय येत नाही ते सारखं समोर येत राहतं. त्या अस्वस्थतेला आपण ‘शिकत नाहीये’ असं समजून बसतो. त्याआधी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या शिक्षणावरचे २२५ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के आढळलं होतं. हे अभ्यास मातीकामाचे नाहीत, पण ‘वाटणं’ आणि ‘येणं’ यांतलं अंतर त्यांत स्पष्ट दिसतं.

म्हणून वाटण्यावर जाऊ नका, पुरावा पाहा. पहिल्या आठवड्यातला नग शोधून काढा आणि आजच्या नगाशेजारी ठेवा. तो फेकून दिला असेल तर पुढच्या वेळी फेकू नका, तारीख घालून ठेवा. आणि तरीही फरक दिसत नसेल तर शिक्षकांकडे दोन्ही नग घेऊन जा. ते पाहून कुणीही चांगला शिक्षक दोन मिनिटांत नेमकी जागा दाखवतो.

मार्क कशावर देतात? ‘सुंदर’ला मार्क कसे देणार?

चांगल्या कोर्समध्ये सुंदरतेला फारसे देतच नाहीत. सांधा जुळला का, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, ठरवलेल्या मापात बसलं का, हे पाहतात. त्याबरोबर कामाची वही, आणि सगळ्यांसमोर कामावर होणारी चर्चा. काही ठिकाणी फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असतं, आणि अशा विषयांना ते शोभतं. मार्कांची टांगती तलवार नसली की विद्यार्थी अवघड काम हातात घ्यायला धजावतात. १९७० च्या दशकात एमआयटीत वुडी फ्लॉवर्स यांनी यंत्ररचनेच्या विषयात सगळ्यांना सारख्याच सटरफटर सामानाच्या पिशव्या देऊन यंत्र बनवायला लावलं आणि शेवटी त्या यंत्रांची स्पर्धा घेतली. तिथे कुणाची कल्पना चालते हे यंत्रच सांगायचं.

वहीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे हकनाक मार्क जातात. शेवटच्या आठवड्यात बसून सुबक अक्षरात लिहिलेली वही वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते. हात मळलेले असतानाच लिहा. ‘आज मजा आली’ हे लिहायला हरकत नाही, पण त्याखाली हे हवं: काय करायला गेलो, काय झालं, का झालं असावं, पुढच्या वेळी एकच गोष्ट कोणती बदलणार. ‘एकच’ यावर माझा भर आहे. झिलईही बदलली, तापमानही बदललं आणि मातीही बदलली, तर चांगलं निघालं तरी कशामुळे निघालं हे कळत नाही. फोटो काढाल तर शेजारी पट्टी ठेवून काढा.

चर्चेच्या दिवशी आपल्या कामाची वकिली करू नका. आधी ऐका, लिहून घ्या. दुसऱ्याच्या कामावर बोलताना ‘छान आहे’ म्हणून सोडून देऊ नका. कुठे नजर गेली आणि कुठे अडली ते सांगा. करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

वस्तू भट्टीत फुटली तर मार्क जातात का?

सहसा नाही, पण ती कशामुळे फुटली ते तुम्हाला सांगता यायला हवं. पहिल्याच वर्गात हे विचारून ठेवा.

धोका किती असतो?

असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०११ मध्ये येल विद्यापीठात रात्री उशिरा कार्यशाळेत एकटीच काम करत असलेल्या एका विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकून तिचा मृत्यू झाला. ती शेवटच्या वर्षाला होती. कार्यशाळेत एकट्याने यंत्र चालवायचं नाही, हा नियम कागदावरचा नाही, हे यावरून लक्षात यावं. उशीर झाला, सबमिशन उद्या आहे, ‘पाच मिनिटांचंच काम आहे’, यातलं कुठलंही कारण चालत नाही.

केस घट्ट बांधा, ओढणी, सैल बाह्या, अंगठ्या, गळ्यातलं काढून ठेवा, पुढून बंद बूट घाला. हातमोज्यांबद्दल मोठा गैरसमज आहे: लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रावर ते घालायचे नसतात, कारण मोजा अडकला की हात आत ओढला जातो. वेल्डिंगला मात्र चामडी हातमोजे हवेतच, आणि अंगावर सुती कपडे. कृत्रिम धाग्याचं कापड वितळून कातडीला चिकटतं. वेल्डिंगचा प्रखर उजेड नुसत्या डोळ्यांनी पाहिला तर त्या क्षणी काही वाटत नाही, काही तासांनी डोळे चुरचुरायला लागतात. मातीकामात धोका दिसत नाही, पण सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साठत जाते. म्हणून जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

ज्या कोर्समध्ये पहिला वर्ग सुरक्षिततेवर जात नाही, आणि यंत्र हातात देण्याआधी तुमची परीक्षा घेतली जात नाही, तो घेऊ नका. बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी.

मला एका हाताने काम करावं लागतं / नीट दिसत नाही / धुळीची ॲलर्जी आहे. माझ्यासाठी आहे का हे?

नोंदणीच्या आधी शिक्षकांना भेटा आणि कार्यशाळा प्रत्यक्ष पाहा. पकडी, उंची बदलणारी टेबलं, जोडीने करायची कामं असे मार्ग बऱ्याचदा निघतात. मातीकाम तर मुळात स्पर्शाचं काम आहे. ॲलर्जी असेल तर मात्र सामग्रीची यादी आधी मागून घ्या. काही रेझिन, रंग आणि लाकडाचा भुसा यांचा त्रास हळूहळू वाढत जातो.

हेच व्हिडिओ पाहून घरी शिकता येत नाही का?

काही गोष्टी येतात. पण तुमचं कोपर वर उचललं जातंय हे व्हिडिओला दिसत नाही. आणि भट्टी घरी नसते.

घरचे आणि विभागातले सर म्हणतात, प्लेसमेंटच्या वर्षात हे कशाला?

त्यांची काळजी खोटी नाही. म्हणून प्लेसमेंटच्या सत्रात असा विषय मीही घ्यायला सांगत नाही. दुसरं किंवा तिसरं वर्ष बरं, आणि ज्या सत्रात आधीच दोन प्रयोगशाळा आहेत ते टाळावं. घरच्यांशी बोलताना ‘मला आवडतं’ याच्या जोडीला क्रेडिट कुठे धरलं जाणार, वेळापत्रकात कसं बसतं, कुठला विषय मागे पडणार नाही, हे कागदावर दाखवा. निम्मा विरोध अनिश्चिततेचा असतो.

मुलाखतीत याचा उपयोग होतो, पण विषयाचं नाव सांगून नव्हे. एक बिघडलेलं काम निवडा: काय बिघडलं, कारण कसं शोधलं, काय बदललं, दुसऱ्यांदा काय निघालं. ही हकिकत तुम्ही जगलेली असते, त्यामुळे उलटे प्रश्न आले तरी अडखळायला होत नाही.

स्टीव्ह जॉब्ज यांच्या सुलेखनाचं उदाहरण सगळे देतात. ते पटण्यासारखं आहे का?

घटना खरी आहे. रीड कॉलेजातून नाव काढून घेतल्यावर ते रॉबर्ट पॅलाडिनो यांच्या सुलेखनाच्या वर्गाला बसत होते, आणि पुढे मॅकिंटॉश संगणक तयार करताना ते शिक्षण कामी आलं असं त्यांनी २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितलं. पण या उदाहरणामुळे एक चुकीची अपेक्षा तयार होते, की दहा वर्षांनी काहीतरी भव्य घडलं तरच तो वर्ग कारणी लागला. त्याच वर्गात बसलेले बाकीचे विद्यार्थीही अक्षराकडे पाहायला शिकले होते, आणि ते पुरेसं आहे.

मला त्या गोष्टीतला दुसराच भाग मोलाचा वाटतो. रीडमध्ये सुलेखनाचा वर्ग होता, कारण लॉइड रेनल्ड्स नावाच्या प्राध्यापकांनी तिथे अनेक वर्षं खपून तो उभा केला होता. असे विषय आपोआप यादीत येत नाहीत. कुणीतरी जागा मागितलेली असते, यंत्रं दुरुस्त करत ठेवलेली असतात, आणि दर वर्षी ‘हा विषय कशाला हवा?’ या प्रश्नाला उत्तर दिलेलं असतं. तुम्ही विषय घेतलात, वेळेवर हजर राहिलात, शेवटी अभिप्राय नीट लिहिलात, की तो पुढच्या वर्षीही चालू राहायला मदत होते.

आमच्या विद्यापीठात असा विषयच नाही. काय करू?

आधी खात्री करून घ्या. पुष्कळदा तो वेगळ्याच विभागाच्या नावाखाली असतो: वास्तुशास्त्राकडे लाकडाची कार्यशाळा, वनस्पतिशास्त्राकडे रोपवाटिका, नाट्यविभागाकडे नेपथ्य आणि वेशभूषा. बाहेरच्या विभागाच्या विद्यार्थ्याला तो घेता येतो का, हे कुणी विचारलेलंच नसतं. क्रेडिट नको असेल तर नुसतं बसायची परवानगी मागता येते.

खरोखरच नसेल तर तो सुरू करता येतो. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाचं, नेहमीच्या विभागांबाहेरचे विषय चालवणारं एक्सपेरिमेंटल कॉलेज १९६४ पासून चालू आहे, ओबर्लिन कॉलेजातलं १९६८ पासून, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत डीकॅल नावाखाली विद्यार्थी स्वतः विषय आखून शिकवतात, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली आणि क्रेडिटसह. तुमच्याकडे अशी रीत नसली तरी बहुतेक अभ्यासमंडळांना नवा ऐच्छिक विषय मंजूर करता येतो. प्रस्ताव कुणी आणलेला नसतो एवढंच.

प्रस्ताव दोन पानांचा ठेवा. जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या एका प्राध्यापकांचं नाव, शिकवू शकेल असा कारागीर, एका वेळी किती विद्यार्थी, जागा, हत्यारांची यादी, सुरक्षिततेची व्यवस्था, आठवड्यानिहाय कामं आणि मूल्यमापनाची पद्धत. कारागिराकडे पदवी नसेल तर नेमणुकीत अडचण येते; तेव्हा प्राध्यापक आणि कारागीर अशी जोडी दाखवा, बाउहाउसने दाखवली होती तशीच, आणि कारागिराच्या मानधनाची तरतूद प्रस्तावातच लिहा. ते नंतर बघू म्हटलं की राहून जातं. सोबत विषय घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सह्या जोडा. आठवड्यानिहाय कामं लिहिताना नव्या वस्तूंची रांग लावू नका: चौथ्या आठवड्यात केलेली वस्तू आठव्या आठवड्यात पुन्हा करायची, असं स्पष्ट लिहा. मंडळातलं कुणीतरी ‘हे दोनदा का?’ असं विचारेल. त्या वेळी एकाच माणसाने केलेले पहिला आणि दुसरा असे दोन नग टेबलावर ठेवा आणि त्यांना हातात घेऊन पाहू द्या.